ब्रिटिश नागरिकाची कोकणात राहणारी बायको: तिकडच्या विद्यापीठात फी 'होम' की 'ओव्हरसीज'?

दाभोळखाडी
खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात असं घर शोधावं लागत नाही: नवरा ब्रिटिश पासपोर्टवाला, नोकरीला दुबई नाहीतर दोहा, बायको भारतीय पासपोर्टवर गावी. तिला इंग्लंडात डिग्री करायची म्हटली की विद्यापीठ सरळ ओव्हरसीज, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची, फी लावतं. पदवीच्या होम, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या, फीला २०२५-२६ साठी ९,५३५ पौंडांची मर्यादा आहे. ओव्हरसीजला मर्यादाच नाही, बहुतेक ठिकाणी आकडा २० हजारांच्या पुढे. माझं मत स्पष्ट आहे. नागरिकाची बायको असो वा नवरा, राहायला कुठेही असो, फी होमच लागली पाहिजे. लग्न कायदेशीर, नोंदणी झालेली, मग परकी कशी?

हर्णैबंदर
दादा, मुळातच गफलत आहे. इंग्लंडात ही फी नागरिकत्वावर ठरतच नाही. २००७ च्या फी-नियमांनुसार नेहमीच्या गटात दोन अटी एकत्र लागतात. पहिली, माणूस 'सेटल्ड' हवा, म्हणजे राहण्यावर मुदतीचं बंधन नको. दुसरी, कोर्सआधीची सलग तीन वर्षं तिथलं नेहमीचं वास्तव्य, आणि तेही मुख्यतः शिक्षणासाठी नको. दोन्ही अटी ठरलेल्या एका तारखेला बघतात. ऑगस्ट ते डिसेंबरात सुरू होणाऱ्या कोर्सला १ सप्टेंबर, जानेवारी ते मार्चच्या कोर्सला १ जानेवारी.

म्हणजे ब्रिटनमध्ये जन्मलेली, ब्रिटिश पासपोर्टचीच मुलगी लग्न करून रत्नागिरीत कायमची राहिली आणि दहा वर्षांनी परत शिकायला गेली, तर तिलाही ओव्हरसीज फी लागते. स्वतः नागरिक असून! मग तुमच्या उदाहरणातल्या बायकोला कशाच्या जोरावर द्यायची? सातबाऱ्यासारखंच आहे हे: सात नंबरात मालक कोण, आणि बारा नंबरात जमीन कसतंय कोण. विद्यापीठ बारा नंबर बघतं.

दाभोळखाडी
सातबारा समजला. पण त्याच नियमांत एक सवलत आहे, ती तुम्ही सोयीने गाळलीत. स्वतः, नवरा-बायको किंवा आईवडील 'तात्पुरत्या नोकरीसाठी' बाहेर असतील, तर तो काळ वास्तव्यातच धरतात. नवरा दुबईत कंत्राटावर आहे. मग बायकोचा काळ का नाही धरायचा?

हर्णैबंदर
कारण ती सवलत फक्त तीन वर्षांतलं भोक बुजवते, 'सेटल्ड'ची अट नाही भागवत. तुमच्या उदाहरणातल्या बायकोकडे ना ब्रिटिश पासपोर्ट, ना आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी. ती पहिल्याच पायरीवर अडकते. शिवाय शब्दरचना बघा: 'ती नोकरी नसती तर हा माणूस तिथेच राहत असता' हे दाखवावं लागतं. जी तिथे कधी राहिलीच नाही, तिने हे कसं दाखवायचं?

सवलत लागू पडते ती लंडनला राहणारं जोडपं दोन वर्षांच्या पोस्टिंगवर गल्फला गेलं तर. तिथेही वाद होतोच. कंत्राट दर दोन वर्षांनी वाढत बारा वर्षं झाली, तिकडचं घर विकलं, मुलं दुबईच्या शाळेत. याला तात्पुरतं कोण म्हणेल?

मोतीतलाव
दोघांनाही एक सांगतो. नियम विद्यापीठाला जास्त फी लावायची मुभा देतात, सक्ती करत नाहीत. होम फी द्यायची की नाही हा काही प्रकरणांत विद्यापीठाचा अधिकार आहे. म्हणून फी-स्टेटसचा, म्हणजे फी होम की ओव्हरसीज हे ठरवणारा, फॉर्म भरताना नुसतं 'स्पाउस' (नवरा किंवा बायको) लिहून सोडू नये, पुरवणी पत्र जोडावं. निर्णय पटला नाही तर फेरविचार मागता येतो. मात्र हे सगळं प्रवेश पक्का करण्याआधी. कोर्स सुरू झाल्यावर मध्येच आयएलआर मिळाला म्हणून चालू कोर्सची फी आपोआप खाली येत नाही.

आता मूळ वादाकडे. माझ्या मते दोन प्रकार वेगळे धरले पाहिजेत. गावी राहणाऱ्या बायकोला होम फी नाही, हे मला पटतं. पण स्पाउस व्हिसावर तिकडे राहणारीचं काय? त्या व्हिसाला पहिल्यांदा ३३ महिने मिळतात, मग ३० महिन्यांची मुदतवाढ, आणि पाच वर्षांनी आयएलआर. व्हिसासाठी २०२४ च्या एप्रिलपासून वर्षाला २९ हजार पौंड उत्पन्न दाखवावं लागतं, वर आरोग्य अधिभार दरसाल १,०३५ पौंड. ती चार वर्षं तिथे राहते, नोकरी करते, कर भरते, तरी मुदतीचा व्हिसा म्हणून 'सेटल्ड' नाही. खरा अन्याय हा आहे. त्याबद्दल भांडा की!

दाभोळखाडी
भांडतोच आहे. पण हे फक्त इंग्लंडचं डोकं. पोर्तुगालात बघा काय आहे. सिंधुदुर्ग-गोव्यात सोयरिकी होतातच. गोव्याचा नवरा पोर्तुगीज पासपोर्टवाला, बायको वेंगुर्ल्याची भारतीय. तिकडच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कायद्यातून पोर्तुगीज किंवा युरोपीय नागरिकांचे कुटुंबीय, राष्ट्रीयत्व कुठलंही असो, वगळलेले आहेत. सरकारी विद्यापीठात पदवीची वार्षिक फी २०२० पासून कमाल ६९७ युरो. लग्नाला मान देणारा देश असा असतो.

हर्णैबंदर
आणि त्याची दुसरी बाजू? आंतरराष्ट्रीय विद्यार्थी नाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रवेशाची वेगळी वाटही नाही. पोर्तुगीज मुलांबरोबर राष्ट्रीय स्पर्धेतून जायचं, तेही पोर्तुगीज भाषेत. मास्टर्सला ही मर्यादा सरसकट लागू नाही. बायकोला फी स्वस्त, पण दार अरुंद.

शिवाय तोच पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन कोणी इंग्लंडात होम फी मागू नये. ब्रेक्झिटनंतर २०२१-२२ पासून नव्या युरोपीय विद्यार्थ्यांना ती सरसकट मिळत नाही. युरोपीय सेटलमेंट योजनेखाली, म्हणजे ब्रेक्झिटआधीपासून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीयांसाठीच्या योजनेखाली, दर्जा हवा, आणि वास्तव्य ब्रिटन-युरोपातलं हवं. म्हापशातली तीन वर्षं धरत नाहीत. त्या योजनेत बायकोला नंतर बोलवायचं तर लग्न किंवा टिकाऊ नातं ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं लागतं.

मोतीतलाव
कागदांबद्दल थोडं, कारण निम्मी प्रकरणं तिथेच बिघडतात. निकाहनामा किंवा लग्नपत्रिका पुरत नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवं, आणि मराठीत असेल तर इंग्रजी प्रमाणित भाषांतर. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मध्ये दुवाच नाही, असं झालं की फाईल अडते. नाव बदलल्याचं राजपत्र किंवा दोन्ही नावं असलेलं विवाह प्रमाणपत्र जोडा. तात्पुरत्या पोस्टिंगचा दावा असेल तर कंपनीच्या पत्रात सुरू आणि संपण्याची तारीख पाहिजेच. 'सध्या आमच्याकडे कार्यरत' एवढं लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. तिकडची कौन्सिल टॅक्सची (आपल्या घरपट्टीसारख्या कराची) बिलं आणि कराचे कागद वर्षवार लावा.

दाभोळखाडी
कागद मान्य. तत्त्व अजून नाही. नवऱ्याने वीस वर्षं तिकडे कर भरला, त्याचं काहीच नाही?

हर्णैबंदर
करावर फी मिळत असती तर तिथे तीन वर्षं राबून कर भरणाऱ्या वर्क व्हिसावाल्याला आधी मिळाली असती. त्यालाही 'सेटल्ड' नसल्याने मिळत नाही. आणि दुबईत बसलेला नवरा तिथल्या पगारावर ब्रिटनला कर कुठे भरतोय? सवलत मागायचीच तर मोतीतलाव म्हणतात त्या स्पाउस व्हिसावालीसाठी मागा, मीही सही करतो. मंडणगडातून अर्ज भरणारीसाठी नाही.