घरच्या सेस्ना १७२ पॅनलसाठी स्विच कोणते घ्यावेत?

प्रश्न
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवण्याच्या संगणक-खेळासाठी सेस्ना १७२ या छोट्या विमानाचे पॅनल घरीच करायला घेतले आहे. योक (विमानाचे हँडल) आणि पेडल आहेत. आता दिवे, पिटो हीट (वेगमापकाच्या नळीवर बर्फ जमू न देणारा हीटर), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) आणि रेडिओच्या गुंड्या करायच्या आहेत. चाचणी म्हणून लँडिंग लाइटचा टॉगल (वर-खाली होणारा) स्विच आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला जोडला आणि तो वर-खाली केला की बटणाचा एक ठोका जावा, असा प्रोग्राम लिहिला. पण काही उड्डाणांत स्विच वर आणि दिवा मात्र बंद, अशी उलटी अवस्था होते. दोष स्विचचा की जोडणीचा? बाकीचे सामान आणण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
स्विचही ठीक आहे आणि जोडणीही. चूक आज्ञेत आहे. तुमचा ठोका सिम्युलेटरला ‘आहे त्याच्या उलट कर’ एवढेच सांगतो, त्यामुळे इंजिन चालू असलेल्या विमानात बसलात आणि दिवा आधीच लागलेला असला, की तेथून पुढे सगळे उलटेच चालते. मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर आर्डुइनो मेगा या बोर्डासोबत वापरा आणि प्रत्येक स्विचला दाबल्यावर (जोडणी झाल्यावर) ‘चालू’ व सोडल्यावर (जोडणी तुटल्यावर) ‘बंद’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा नेमा. स्विचचे एक टोक पिनला आणि दुसरे ग्राउंडला जोडावे. वेगळा रेझिस्टर लागत नाही, आणि ग्राउंडची एकच तार सर्व स्विचांतून माळेसारखी ओवता येते.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत. मॅग्नेटोसाठी मात्र खऱ्या विमानासारख्या किल्लीच्या मागे लागू नका. बारा टप्प्यांचा साधा रोटरी (फिरवायचा) स्विच घेऊन नटाखालची दातेरी चकती सरकवली, की तो ऑफ, आर (उजवा), एल (डावा), बोथ (दोन्ही) या चार टप्प्यांवर अडतो. स्टार्टला शेजारी वेगळे पुश बटण द्यावे. फिरवताना मध्येच एकही टोक जोडलेले नसते, म्हणून येथे ‘सोडल्यावर’ काहीही नेमू नये, नाहीतर हवेत इंजिन बंद पडेल (माझे पडले होते). रेडिओसाठी एकात एक बसणारे दुहेरी एन्कोडर (कितीही फिरणाऱ्या, टप्पे मोजणाऱ्या गुंड्या) महाग पडतात. दोन साधे शेजारी-शेजारी लावले तरी हाताला सवय होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पॅनलला १२ मिलिमीटरचा प्लाय चालेल ना?

प्रतिसाद २
नाही. लहान टॉगलची मान (नट बसतो तो आट्यांचा भाग) तेवढ्या जाडीतून बाहेरच येत नाही, मग नट कशावर आवळणार? ३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट घ्या आणि टॉगलसाठी ६ मिलिमीटरची भोके पाडा.