‘पाथ्स ऑफ ग्लोरी’: रसद तुटलेली आर्मी कायमची बाद व्हावी का?

सीमोल्लंघन

टेड रेसर यांचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (प्रकाशक जीएमटी, १९९९) हा पटावरचा युद्धखेळ खेळताना आमच्या गटात वाद नेहमी ॲट्रिशन फेजपाशी, म्हणजे टर्नच्या शेवटी रसद तपासायच्या टप्प्यापाशी, येऊन अडतो. पहिल्या महायुद्धावरचा इतका चांगला खेळ, आणि त्याचा सगळ्यात कडक नियम लोक सर्रास सोडून देतात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी नियम. एका टर्नमध्ये दोन्ही बाजू सहा-सहा ॲक्शन राउंड खेळतात. प्रत्येक राउंडला आधी सेंट्रल पॉवर्सची (जर्मनी आणि साथीदार) चाल, मग अलाइजची (ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि साथीदार). सहावा राउंड संपला की ॲट्रिशन. त्या वेळी ज्या तुकडीला नकाशावरच्या स्वतःच्या ताब्यातल्या घरांमधून (ठिकाणांमधून) रसदकेंद्रापर्यंत वाट उरलेली नसते (जर्मनांचं एसेन किंवा ब्रेसलाऊ, रशियनांचं पेट्रोग्राड, मॉस्को वगैरे), ती पटावरून उचलायची. कोअर (लहान तुकडी) असेल तर ती बाद तुकड्यांच्या चौकटीत जाते आणि रिप्लेसमेंट पॉइंट (तुकड्या भरून काढायचे गुण) खर्चून परत उभी करता येते. आर्मी (मोठी तुकडी) मात्र कायमची गेली. लढाईत आर्मी मोडली तर राखीव चौकटीतली कोअर तिची जागा घेते. इथे तेही नाही.

राउंडच्या मधेच रसद तुटली तर काय, हे बरेच जण विचारतात. लगेच काही मरत नाही. ती तुकडी चाल करू शकत नाही, हल्ला करू शकत नाही, रेल्वेने हलवता येत नाही. बचाव मात्र पूर्ण ताकदीने करते. ॲट्रिशनच्या आधी वाट मोकळी झाली तर सगळं पूर्ववत.

माझं मत: नियम छापलाय तसाच खेळावा. पोलंड-गॅलिशियात घरं जास्त आणि तुकड्या कमी. तिथे सलग फळी का धरायची, हे खेळाडूला हाच एक नियम शिकवतो. तो काढला की वॉर्सॉच्या पुढे मागे न बघता धावायला कुणाला भीती उरत नाही.

दारूगोळा

असहमत. तुम्ही नियम बरोबर सांगितलात, पण त्यातून इतिहास कुठे उमटतो?

टॅननबर्गची लढाई घ्या. ऑगस्ट १९१४ मध्ये रशियन सेनापती सॅमसोनोव्हची दुसरी आर्मी जर्मनांकडून वेढली गेली, सुमारे ९२ हजार कैदी झाले. त्याच क्रमांकाची आर्मी नोव्हेंबरमध्ये पोलंडमधल्या लॉड्झला पुन्हा लढत होती. मग ‘कायमची बाद’ कशाच्या आधारावर? त्याच लॉड्झला शेफरची पंचविसावी राखीव जर्मन कोअर रशियनांच्या वेढ्यात सापडली. ती नुसती फोडून बाहेर आली नाही, बरोबर सोळा हजारांच्या आसपास रशियन कैदी घेऊन आली. तुमच्या नियमाने शेफरला जागचं हलताही आलं नसतं.

आणि हे सगळं किती स्वस्तात होतं पाहा. एकाच राष्ट्राच्या तुकड्या असलेलं घर चालवायला एक ऑपरेशन पॉइंट (एरवी कार्ड खेळून मिळणारा चालींचा गुण). तो तर कार्ड न खेळताही मिळतो. चार घरं चालणारी एक दुबळी कोअर फटीतून मागे शिरते, रिकाम्या घरांचा ताबा उलटवते आणि दोन-तीन आर्म्या मरतात. १९१५ मध्ये असं कोणत्या आघाडीवर झालं? मी खेळतो तेव्हा अशी आर्मी बाद चौकटीत टाकतो. रिप्लेसमेंट पॉइंट द्या आणि परत आणा.

सीमोल्लंघन

@दारूगोळा, शेफरचं उदाहरण चांगलं आहे, पण माप बघा. सुरुवातीचे दोन टर्न सोडले तर एक टर्न म्हणजे एक ऋतू, म्हणजे एक राउंड साधारण पंधरवड्याचा. शेफरचा वेढा आणि सुटका काही दिवसांत आटोपली. पटावर ती एका राउंडच्या पोटात बसते. ॲट्रिशनमध्ये जी आर्मी मरते ती अनेक आठवडे तुटलेली असते आणि तिला सोडवायला कुणी आलेलं नसतं.

दुसऱ्या आर्मीचा फक्त क्रमांक परत आला, माणसं नवी होती. खेळात ती नवी माणसं रशियन कुमक आणणाऱ्या कार्डांमधून येतातच. तुमच्या पद्धतीत जर्मनीसारख्या श्रीमंत बाजूला आर्मी गमावल्याचं दुःखच राहत नाही. एक पॉइंट दिला की ती अर्ध्या ताकदीने उभी, दुसरा दिला की पूर्ण.

अटकेपार

मला या चर्चेत मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कुत-अल-अमारा आठवतं, कारण तिथे आपली माणसं होती. ब्रिटिश सेनापती टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तुर्कांचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ ला. घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली तरी जवळजवळ पाच महिने त्यांनी तग धरला. शेवटी सुमारे तेरा हजार कैदी झाले आणि त्यांतले कितीतरी कैदेत मेले.

खेळात ही तुकडी पहिल्याच हिवाळ्याच्या ॲट्रिशनला उचलली गेली असती, म्हणजे वेग चुकीचा आहे. पण शेवट नियम सांगतो तोच झाला, हेही मान्य करायला हवं. सोडवायला गेलेल्या सैन्याचे आत अडकलेल्यांहून जास्त लोक पडले आणि वाट उघडली नाही. त्यामुळे मी मधे आहे: पहिल्या ॲट्रिशनला आर्मीची सोंगटी उलटी करून ती कमजोर करावी, दुसऱ्याला बाद.

नकाशावेडी

तुम्ही सगळे शिक्षेवर बोलताय. खरी अडचण वेळेची आहे.

प्रत्येक राउंडला अलाइज दुसरे, म्हणजे टर्नची शेवटची चाल कायम त्यांची. सेंट्रलने सहाव्या राउंडला रशियनांची रसद तोडली तर रशियनांना उत्तर द्यायला एक चाल मिळते. अलाइजने तोडली तर थेट ॲट्रिशन. एकच नियम, पण दोन बाजूंना वेगळा लागतो. म्हणून माझी सूचना: ज्या आर्मीची रसद तुटल्यानंतर तिच्या मालकाला निदान एक राउंड मिळालाय, तीच बाद करावी. शिक्षा छापलीय तीच राहू दे.

दारूगोळा

हे मी स्वीकारेन. शेवटच्या चालीची घुसखोरी गेली की माझी निम्मी तक्रार गेली. ‘कायमची’ या शब्दाशी मात्र माझं अजून जमत नाही.

सीमोल्लंघन

@अटकेपार, तुमच्या दोन टप्प्यांत तुटलेली आर्मी आणखी एक अख्खा टर्न रस्ता अडवून बसते, आणि बचाव तर तिला करताच येतो. पूर्वेला ते फार महाग पडेल.

@नकाशावेडी, सूचना विचारपूर्वक आहे, तरी मी ती घेणार नाही. व्हिक्टरी पॉइंटच्या (विजयाचे गुण देणाऱ्या) घराचा ताबा बदलला की गुण त्याच क्षणी हलतात. सहाव्या राउंडला जर्मन खेळाडू फळी मोडून अशा घरात घुसेल. मागे फटी पडल्या तरी अलाइजच्या उरलेल्या एका चालीने त्याची एकही आर्मी मरणार नाही. पुढच्या टर्नची पहिली चाल पुन्हा त्याचीच, तेव्हा तो फटी बुजवेल. आज त्याला सहाव्या राउंडला थांबून मागचा रस्ता तपासावा लागतो, आणि सेंट्रल खेळताना मला तीच चाल सगळ्यात कठीण वाटते.

नकाशावेडी

गुणांचा मुद्दा पटला. मग सूट निम्मी करू: सहाव्या राउंडला ज्या आर्म्या स्वतः हलल्या किंवा लढल्या, त्यांना सूट नाही. जागेवर बसलेल्यांनाच मिळेल. पुढचा डाव मी असा खेळून बघणार आहे, सेंट्रलकडून.