उन्हाळ्यातली बाग, हिरवळ आणि गांधीलमाश्या : आपापले अनुभव सांगा

गोडोली, सातारा

गेल्या एप्रिलमध्ये झाडांना पाणी घालायला नळाच्या चावीवर हात ठेवला आणि गांधीलमाशी मनगटाला डसली. हात कोपरापर्यंत सुजला. नळाखालच्या बादलीच्या काठावर आणखी सात-आठ बसल्या होत्या, पण पोळं आसपास कुठंच दिसेना. दोन दिवस पाळत ठेवली तेव्हा ते पोर्चच्या छताला सापडलं. माश्या नळावर नुसतं पाणी न्यायला येत होत्या. ऊन तापलं की त्या पोळ्यावर पाण्याचे थेंब ठेवतात आणि पंखांनी वारा घालून ते गार करतात. आमचा गळका नळ ही त्यांची पाणपोई झाली होती.

वॉशर बदलला. कंपाऊंडच्या पार टोकाला, पेरूखाली, मातीच्या परातीत खडे टाकून पाणी ठेवलं. आठवडाभर त्या नळाशी घुटमळल्या, मग परातीकडे वळल्या. पोळं उंच होतं, वाटेत नव्हतं, म्हणून काढलं नाही. गांधीलमाशी अळ्या पकडते, त्यांचा चावून लगदा करते आणि आपल्या पिलांना भरवते. त्या वर्षी माझ्या लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं बऱ्यापैकी शाबूत राहिली.

सातारा-सांगलीकडच्या मंडळींनी लिहावं. उन्हाळ्यात बाग कशी जगवता आणि या डंखवाल्यांबरोबर कसं निभावता?

विश्रामबाग, सांगली

काका, आमचं दुखणं हिरवळीचं. घर बांधल्यावर हौसेनं लॉन लावलं, पाणी बोअरचं. दुसऱ्या उन्हाळ्यात मातीवर पांढरी खपली आली आणि गवत कडेनं जळत गेलं. आपल्याकडे कृष्णाकाठच्या कितीतरी रानांची हीच कथा आहे, जमीन क्षारपड होते. मी मात्र पाणी कमी पडतंय असं समजून रोज संध्याकाळी थोडं-थोडं शिंपडत होते. वरवरचं पाणी उडून जायचं, क्षार मागं राहायचे, आणि मुळंही वरच अडकली. भरीला माळीकाकांकडून गवत अगदी बारीक कापून घ्यायचे, गालिच्यासारखं दिसावं म्हणून. एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली माती तव्यासारखी तापायची.

शेवटी सासरे म्हणाले, "जी हरळी रानात खुरपून खुरपून हटत नाही, ती दारात लावायला लाज कसली?" अर्ध्या भागात हरळी लावली. आता कापताना एक तृतीयांशाहून जास्त उंची काढत नाही, आणि उन्हाळ्यात दोन-अडीच इंच गवत राहू देते. पाणी तीन-चार दिवसांनी, पहाटे, पण चांगलं वीतभर खोल मुरेल इतकं. निम्मं पाणी नळाचं देते. मे महिन्यात गवत थोडं पिवळं पडतं, ते पडू देते. हरळी मरत नाही, पहिल्या पावसाला पुन्हा उठते.

डंखाचं म्हणाल तर हिरवळीत एकदांडी उगवते, तिच्या फुलांवर सकाळी मधमाश्या असतात. लेक अनवाणी धावली आणि तळपायाला डंख बसला. तेव्हापासून मधल्या भागातली फुलं खुडते, भिंतीकडेची ठेवते. मुलीला चप्पल घातल्याशिवाय गवतात सोडत नाही.

मिरज

ताई, मी परिचारिका आहे म्हणून लिहिते. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती कातडीत राहते आणि विषाची पिशवीही तिच्याबरोबर राहून विष सोडत असते. चिमटा शोधत बसू नका, नखानं लगेच खरवडून काढा. गांधीलमाशीची नांगी राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. दोन्हींना साबणपाणी आणि बर्फ.

कराड

आमच्या ह्यांना जास्वंद छाटताना गांधीलमाशी डसली. एकच. आम्ही चुना लावला, लोखंड घासलं, त्यात वीस मिनिटं गेली. तोवर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर ते सावरले. ती वीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. डंखाच्या जागी सूज येणं वेगळं. श्वास, ओठ-जीभ, चक्कर, अंगभर गांधी यातलं काहीही दिसलं तर काहीही लावत बसू नका, गाडी काढा.

तासगाव

आम्ही झाडांच्या आळ्यात उसाचं पाचट पसरतो, चार बोटं जाड. पाणी निम्म्यावर येतं, माती भुसभुशीत राहते. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर वाळवी खोडाला लागते. पण पाचटाखाली विंचू बसतो. हात घालायचा नाही, आधी खुरपं. आमच्या गड्याला लाल विंचू चावला होता, घाम फुटून हातपाय गार पडले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध रुजवलं, त्याच गोळ्यांवर तो वाचला.

वाई

सोसायटीच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं होतं. खाली आमची कुंड्यांची रांग. मी म्हणत होतो, थांबा, फुलोरा संपला की हे मोहोळ उठून जातं. एका रहिवाशानं न विचारता रात्री टेंभा लावला. हजारो माश्या जळून पडल्या, उरलेल्या उजेडाच्या खिडक्यांवर आल्या. वरच्या मजल्यावरच्या आजींना चाळीसेक डंख, तीन दिवस दवाखाना. सकाळी माझ्या मोगऱ्याच्या कुंड्या मेलेल्या माश्यांनी भरल्या होत्या, त्या झाडताना मला रडू आलं.

आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं घरोघरी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि इथं आपण टेंभे लावतो. एक मात्र ध्यानात ठेवा, आग्या सातेरीसारखी सोशिक नाही. उठलीच तर हात झाडू नका, तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत शिरा. माशी डसली की तिथं एक वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात.

गोडोली, सातारा

वाईकर, वाचून फार वाईट वाटलं. आजी आता कशा आहेत?

वाई

बऱ्या आहेत काका. गॅलरीत मात्र अजून बसत नाहीत.

पलूस

मे अखेरीचं एक सांगतो. वळवाचा पहिला पाऊस पडला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंब-बाभळीवर जमतात. त्यांची अळी म्हणजे हुमणी, उसाची जुनी वैरी, हिरवळीचीही मुळं खाते. गवत हातानं ओढलं आणि गालिच्यासारखं उचलून आलं, तर खाली पांढरी वाकडी अळी असणार. औषध ओतण्यापेक्षा भुंगेरे अंडी घालायच्या आत गोळा करा. फांदी हलवायची, पडलेले वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. काल आमच्याकडे वळीव झाला. रात्री मी आणि दोघी पुतण्या बॅटरी घेऊन कडुलिंबाखाली होतो, अर्धी बादली भरली. आज पुन्हा जाणार आहे.