आंबेनळी घाट: स्वतः चालवायचा की टूरने जायचं?

घाटमाथा:
काल इथे एकाने लिहिलं, 'आंबेनळी स्वतःच्या हाताने चालवला नाही, तर तो पाहिलाच नाही. टूरची बस म्हणजे म्हाताऱ्यांची सोय.' हे वाचून राहवलं नाही. मी वीस वर्षं हा घाट चालवतोय. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, पोलादपूर पार खाली, मधे चाळीसेक किलोमीटर. चालवणाऱ्याची नजर पुढच्या वळणावर. त्याला सावित्रीचं खोरं दिसणार कधी?

गेल्या श्रावणात पहिल्यांदा टूरच्या छोट्या बसने गेलो. चालक घाटातल्याच कुंभरोशी गावचा. बॉनेटपुढे नुसतं धुकं. पठ्ठ्याने गाणी बंद करायला लावली, काच खाली केली. प्रत्येक वळणाआधी कान देऊन ऐकायचा, हॉर्न द्यायचा, मगच स्टिअरिंग वळवायचा. दुपारी प्रतापगडाच्या तटावर धुकं फाटलं तेव्हा समोर बोट दाखवून म्हणाला, 'तो खोगिरासारखा दिसतोय ना, तो मधुमकरंदगड.' वीस वर्षांत मी त्या डोंगराकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

भटकंती:
ते मीच लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणेन. तुम्हाला चालक चांगला मिळाला. आम्हाला मिळाला तो ठरलेल्या हॉटेलाशिवाय कुठे थांबायलाच तयार नव्हता. बाबांना मधुमेह, दोन वाजून गेले तरी पोटात अन्न नाही. आईला घाटात गाडी लागते. तिने दोनदा थांबवायला सांगितलं, तर म्हणे 'पुढे थांबू'. शेवटी पिशवीत उलटी केली बिचारीने, वीस परक्या माणसांसमोर. त्या दिवशी ठरवलं, गाडी आपली, थांबणं आपलं.

पोलादपूरकर:
थांबणं आपलं, हेच आम्हाला नडतंय. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबा दिसला की ऐन वळणावर गाडी लावतात, दारं रस्त्याच्या बाजूला उघडी. मागे एसटी अडकते. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे. किती जण पाळतात? आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे तर वेगळेच. कुंभरोशीच्या खाली ब्रेकचा करपट वास आला की समजायचं, पाहुणे आले.

मोकळा रस्ता:
न्यूट्रलचा बाऊ कशाला? बारा वर्षं असाच उतरतोय. ब्रेक चांगले असले की झालं.

गिअरबॉक्स:
साहेब, पेट्रोल तरी वाचतं का? आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन बंद होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर. तापले की पाय पार खाली जातो, गाडी थांबत नाही. ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा, हे आमच्या गॅरेजमध्ये पोरगाही सांगेल.

मोकळा रस्ता:
गॅरेजवाल्यांनी आम्हाला गाडी शिकवू नये. बारा वर्षांत काही झालेलं नाही.

पोलादपूरकर:
'काही झालं नाही' हे या घाटाबद्दल बोलू नका. 28 जुलै 2018 ला इथे दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. 33 माणसं गेली, एक वाचला. वर्षासहलीला निघाले होते. ट्रेकर मंडळी दोर लावून त्या निसरड्यात उतरली होती. तो दिवस आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही.

भटकंती:
वाईट झालं. पण तीही बसच होती ना? मग बस सुरक्षित कशी?

पोलादपूरकर:
त्या अपघातावर वाद घालायला मी लिहिलं नाही. घाट हलक्यात घेऊ नका, मग गाडी कुणाचीही असो. 2021 च्या जुलैत हाच रस्ता ठिकठिकाणी खचला. वर जायची आमची वाटच बंद झाली होती.

सह्यकन्या:
माझं म्हणणं वेगळं. मी एकटी फिरते. टूरवाले एकट्या बाईला दोन माणसांचे पैसे सांगतात, नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली. म्हणून चालवते स्वतः. दुसऱ्या गिअरमध्ये, दिवसाउजेडी. कुणाला मागे टाकायची घाई नसते.

घाटमाथा:
तुमचं पटलं. भटकंती, तुमच्या आईचं वाचून मलाही वाईट वाटलं, तो चालक चुकलाच. पण 'म्हाताऱ्यांची सोय' हे शब्द मागे घ्या.

भटकंती:
शब्द घेतो मागे, मत नाही. दिवाळीनंतर आईबाबांना पुन्हा न्यायचंय. गाडी आमचीच, चालवायला मात्र तिथला माणूस घेईन, म्हणजे मलाही त्यांच्याशेजारी बसता येईल. कुठे थांबायचं ते आई ठरवेल. कुंभरोशीचा कुणी मिळेल का?

पोलादपूरकर:
मिळेल. आईंना पुढे बसवा, गाडी कमी लागते. आणि वळणावर थांब म्हणालात तर तो थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.