पहिला हातातला लेझर घ्यायचाय, सोबत मिळणारा गॉगल चालेल का?

आकाशवेडा२७

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. रात्री गच्चीवर पोरांना तारे दाखवायला हातात धरायचा लेझर घ्यायचाय. बोटाने कितीही दाखवलं तरी प्रत्येकाला वेगळाच तारा दिसतो, "हा का? नाही रे, त्याच्या बाजूचा" यातच अर्धा तास जातो. सुरुवात इथून झाली पण व्हिडिओ बघता बघता आता १ वॉटच्या निळ्यावर येऊन अडकलोय, काडी पेटवतो, फुगा फोडतो, किरण जाडजूड दिसतो आणि बॉक्समध्ये गॉगल पण देतात. पहिलाच लेझर म्हणून १ वॉट जास्त होईल का? निळा घ्यावा का हिरवा? आणि तो बॉक्समधला गॉगल पुरेसा आहे का? घरात ९ आणि १२ वर्षांची दोन पोरं आहेत, तेही लक्षात घेऊन सांगा.

जुनादिवा

तारेच दाखवायचेत ना, मग ५ मिलिवॉटचा हिरवा घ्या, काम झालं. अंधाऱ्या रात्री त्याचा किरण वरपर्यंत स्पष्ट दिसतो. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, त्यावर रंग ठरतो) आसपासच्या हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, म्हणून तेवढ्याच पॉवरचा ५३२चा हिरवा ठिपका ६५०च्या लालपेक्षा साधारण ८ पट उजळ वाटतो, आणि ४५०च्या निळ्यापेक्षा तर २० पटीच्या वर. याची उलटी बाजू पण बघा, निळा किंवा ४०५चा जांभळा डोळ्याला फिका वाटतो म्हणून माणूस त्याला कमी समजतो, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याला जाळायला लागणारी पॉवर त्यात तेवढीच असते. जांभळ्याच्या बाबतीत मला हीच सगळ्यात मोठी भीती वाटते.

आता १ वॉटचं. ५ मिलिवॉटच्या २०० पट झाला तो. लेझरचे धोक्यानुसार क्लास पाडलेत, त्यात ५०० मिलिवॉटच्या वर सगळे सगळ्यात धोक्याच्या क्लास ४ मध्ये जातात, म्हणजे थेट किरण तर सोडाच, जवळून भिंतीवरचा ठिपका बघत बसणं पण धोक्याचं. साध्या खिडकीच्या काचेचा एक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो, १ वॉटचे ४ टक्के म्हणजे ४० मिलिवॉट, हे नुसतं परावर्तन झालं! क्लास २ म्हणजे १ मिलिवॉटपर्यंतच्या लेझरला पापणीचा आधार असतो, पाव सेकंदात डोळा मिटतो आणि माणूस वाचतो. १ वॉटला तो पाव सेकंद फार जास्त आहे. डोळ्याचं भिंग सगळा किरण पडद्यावर अगदी सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करतं, पापणी हलायच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

लाकूडकाम_रोज

मी जरा वेगळं सांगतो कारण माझ्यावर आलंय. लाकडावर नाव कोरून बघायला म्हणून १ वॉटच्या वरचा निळा घेतला होता, गॉगल पण चांगला घेतला होता, पण त्या दिवशी तो गळ्यात लटकत होता कारण "एक सेकंद फोकस बघतो आणि लावतो" असं मनाशी म्हटलं. फळीवर स्टीलची पट्टी ठेवलेली होती, हात थोडा सरकला आणि पट्टीच्या कडेवरून एक झगझगीत निळी रेघ डोळ्यात आली. दुखलं काहीच नाही. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते, त्यामुळे मी पाच मिनिटं काम चालूच ठेवलं, वाटलं फ्लॅश पडल्यावर दिसतो तसा डाग आहे, जाईल. संध्याकाळी वाचायला बसलो तर उजव्या डोळ्याने बघताना प्रत्येक शब्दातलं एक अक्षर गायब, नजर सरकवली की ते दिसायचं आणि पुढचं गायब व्हायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओसीटी (पडद्याचा स्कॅन) काढली, मधल्या भागाच्या अगदी कडेला छोटासा चट्टा. तो आजही आहे, दोन्ही डोळे उघडे असले की मेंदू सांभाळून घेतो पण डावा झाकला की कळतो.

म्हणून दादा, घरात पोरं असताना १ वॉट आणूच नका. बंदुकीसारखी वस्तू आहे ती, दिसते मात्र टॉर्चसारखी.

ओडी_चार

वरचं वाचून वाईट वाटलं, काळजी घ्या. मी गॉगलचं सांगतो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

गॉगलचा रंग बघून घ्यायचा नाही, त्यावरचे आकडे बघायचे. ओडी म्हणजे किती शून्यं कापली जातात ते, ओडी ३ असेल तर हजारातला एक भाग आत येतो, ओडी ४ असेल तर दहा हजारातला एक. १ वॉटला ओडी ४ लावला तर आत ०.१ मिलिवॉट, ओडी ३ लावला तर १ मिलिवॉट म्हणजे अगदी काठावर. आणि हा ओडी कुठल्या तरंगलांबीला आहे ते सोबत लिहिलेलं पाहिजे, नुसतं "लेझर गॉगल" याला काही अर्थ नाही. १९० ते ५४० लिहिलेला नारिंगी गॉगल जांभळा, निळा, हिरवा अडवतो, पण लाल लेझर त्यातून आरपार जातो. लालला वेगळा गॉगल, तो निळसर किंवा हिरवट दिसतो. चांगल्या गॉगलच्या काचेवरच बारीक अक्षरात तरंगलांबीची रेंज आणि ईएन २०७ या लेझर गॉगलच्या युरोपीय मानकाप्रमाणे एलबी आणि पुढे संरक्षणाच्या पातळीचा आकडा छापलेला असतो, आधी डी असेल तर सलग चालणाऱ्या लेझरसाठी. बॉक्समधल्या फुकट गॉगलवर हे काहीच नसतं, नुसतं रंगीत प्लास्टिक समजा. शिवाय बाजूने फट राहणारा घेऊ नका, परावर्तन समोरूनच येतं असं नाही, आणि काचेवर तडा किंवा खोल ओरखडा दिसला की बदलायचा.

आता हिरव्यातली मेख. बरेचसे ५३२चे पॉइंटर आत ८०८च्या डायोडच्या प्रकाशाने स्फटिकाला ऊर्जा देतात, त्यातून १०६४चं इन्फ्रारेड निघतं आणि दुसऱ्या स्फटिकात त्याचं ५३२ होतं. स्वस्तातल्या पॉइंटरमध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टरच बसवत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाच्या संस्थेला २०१० मध्ये १० मिलिवॉट लिहिलेल्या एका हिरव्या पॉइंटरमधून जवळपास २० मिलिवॉट इन्फ्रारेड सापडलं होतं, ते डोळ्याला दिसत नाही, पापणी मिटत नाही, आणि तो नारिंगी गॉगल ते अडवत पण नाही. नंतर २०१३ मध्ये त्यांनीच १२२ पॉइंटरचे आकडे दिले, हिरव्यातले ९० टक्क्यांच्या आसपास आणि लालमधले ४४ टक्के नियमात बसले नाहीत. तेव्हा लेबलवरच्या ५ मिलिवॉटवर डोळे मिटून विश्वास नको. माझं मत विचाराल तर ५२० नॅनोमीटरचा थेट डायोडवाला हिरवा घ्या, त्यात इन्फ्रारेडची भानगडच नाही आणि थंडीत ५३२वाला मंद पडतो तसा हा पडत नाही.

आकाशवेडा२७

सगळ्यांचे मनापासून आभार, लाकूडकाम दादांचं वाचून तर व्हिडिओची नशाच उतरली. १ वॉट रद्द. ५२०चा ५ मिलिवॉट शोधतो. फक्त एक राहिलं, तारे दाखवताना पण गॉगल लावायचा का?

जुनादिवा

नाही, तो लावला तर किरणच दिसणार नाही. ५ मिलिवॉटला शिस्त हाच गॉगल. लेझर तुमच्याच हातात, पोरं तुमच्या मागे उभी, खाली आणताना आधी बटण सोडायचं आणि मग हात. दुर्बिणीतून कोणी बघत असेल तर त्या बाजूला अजिबात नको. आणि विमानाचा दिवा कुठेही दिसला की लगेच बंद, किरण १ किलोमीटरवर साधारण १ मीटर पसरतो, ३ किलोमीटरवर ३ मीटर, तिथे तो ठिपका राहत नाही, अख्खी वैमानिकाची काच उजळते. बऱ्याच देशांत हा गुन्हा आहे.

लाकूडकाम_रोज

आणि काम झालं की बॅटरी काढून वेगळ्या कपाटात. लेझर सापडला तरी पेटणार नाही. १२ वर्षांच्या पोराला पॉइंटर कुठे ठेवलाय ते बरोबर माहीत असतं.