मदत हवी आहे : नोटबुकमध्ये पायथनचं व्हेरिएबल शेल कमांडला कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या टाइप करून दर वर्षाची एक सीएसव्ही फाइल केली आहे. ज्युपिटर नोटबुकमध्ये (पायथनचा कोड तुकड्यातुकड्याने चालवायची जागा) पायथनच्या लूपमधून एकेक फाइल घेऊन तिसऱ्या रकान्याची बेरीज ऑकने (awk, रकान्यांवर काम करणारी शेल कमांड) करायची आहे.

सुरुवातीला उद्गारचिन्ह देऊन साधी शेल कमांड नीट चालते. व्हेरिएबलचं नाव महिरपी कंसात लिहिलं की त्याची किंमत शेलला पोचते. 'खर्च १९६२' सारख्या नावातल्या मोकळ्या जागेने फाइलचे दोन तुकडे पडत होते. कंसाभोवती अवतरणचिन्हं दिल्यावर ते थांबलं.

अडलंय ऑकपाशी. त्याचेही स्वतःचे महिरपी कंस असतात आणि रकान्यासाठी डॉलर. बहुधा पायथन तेही आपलेच समजून वाचायला जातं, ते जमत नाही आणि मग अख्खी कमांड जशीच्या तशी पुढे जाते. कारण त्रुटीत फाइलच्या नावाऐवजी कंसासकट माझ्या व्हेरिएबलचंच नाव दिसतं!

ऑकचे कंस दुहेरी लिहायचे का? डॉलरही दोनदा? की सरळ सबप्रोसेस (पायथनमधून बाहेरच्या कमांड चालवणारं मॉड्यूल) वापरू? कुणी केलं असेल तर कृपया सांगा. आजी रोज विचारते, १९६२ साली घरखर्च किती झाला होता म्हणून.