मदत हवी आहे : नव्या देशाला आधी मान्यता की आधी पैसा? (बांगलादेश, १९७१-७४)

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटात पुढच्या आठवड्यात मला या विषयावर बोलायचं आहे. उदाहरण म्हणून बांगलादेश घेतला. आधी मान्यता, मग संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व, मग आर्थिक मदत, असा सरळ क्रम मी धरून चालले होते. तारखा मांडायला बसले आणि तो क्रमच कोलमडला.

भारत आणि भूतानने ६ डिसेंबर १९७१ ला मान्यता दिली, म्हणजे ढाक्यातल्या शरणागतीच्या दहा दिवस आधी. ब्रिटनची मान्यता फेब्रुवारी १९७२ ची, अमेरिकेची ४ एप्रिलची. इथवर ठीक. पण १७ ऑगस्ट १९७२ ला बांगलादेश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सदस्य झाला आणि आठच दिवसांनी चीनने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून त्याचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश अडवला. तो प्रवेश मिळाला सप्टेंबर १९७४ मध्ये, पाकिस्तानने मान्यता दिल्यानंतर. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांचंच मदतकार्य ढाक्यात चालू होतं. सदस्य म्हणून नको, पण मदतीला मात्र हरकत नाही, हे कसं?

नाणेनिधीत मतं कोट्याच्या, म्हणजे प्रत्येक देशाच्या तिथल्या आर्थिक वाट्याच्या, वजनाने मोजली जातात आणि चीनची तिथली जागा तेव्हा तैवानकडे होती, त्यामुळे बीजिंगला तिथे अडवता आलं नसतं, एवढं लक्षात आलं. कोसोव्होचंही तसंच दिसतं : २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर, २००९ मध्ये नाणेनिधीत, संयुक्त राष्ट्रांत अजूनही नाही.

उलट बाजू मला जास्त छळते आहे. अमेरिकेची मान्यता होती, वकिलात होती. तरी १९७४ मध्ये बांगलादेशने अमेरिकेचा व्यापारबहिष्कार असलेल्या क्युबाला तागाच्या गोण्या विकल्या म्हणून पीएल-४८० चं, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचं, धान्य अडकलं, आणि तेही दुष्काळाच्या वर्षात. त्या वर्षाबद्दल वाचताना मला पुढे सरकवेना. मान्यतेने निदान पोटाची हमी मिळते, असं मी समजत होते.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, एखाद्या देशाला मान्यता न देणारं सरकार नाणेनिधीत त्याच्याच शेजारी बसतं, तेव्हा कायद्याने ती मूक मान्यता ठरते का? की प्रत्येक संस्थेतलं सदस्यत्व त्या संस्थेपुरतंच?

दोन, जुन्या कर्जांचं. पूर्व पाकिस्तानच्या काळात तिथे उभ्या राहिलेल्या प्रकल्पांची कर्जं कोणी फेडायची, यावर देणेकऱ्यांशी बराच वाद झाला होता. अशा वेळी प्रकल्प जिथे आहे तिथल्या सरकारवर बोजा, हा सर्वमान्य नियम आहे की दर वेळी नव्याने घासाघीस होते? ज्या राजवटीविरुद्ध माणसं लढली, तिचं कर्ज त्यांच्याच माथी मारायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. पण गटात फक्त वाटणं सांगून भागणार नाही, कायद्याची बाजू नीट मांडायची आहे. दक्षिण सुदान किंवा पूर्व तिमोर यांचा दाखला कोणी दिलात तरी चालेल.